गच्चीवरचं बावखल

टीचरांच्या गच्चीवर, जिना संपतो तिथे, एक मोठं खोकं होतं. त्यावर प्लास्टिक अंथरलेलं आणि प्लास्टिक उडू नये म्हणून दोन विटा. त्या घराच्या मागच्या खोलीत राहायला आल्यापासून मी कपडे वाळत घालायला रोज वर जायची आणि रोज त्या खोक्याला वळसा घालून जायची. आत काय आहे हे विचारायची हिंमत नव्हती. दुसऱ्याच्या घरात राहायचं म्हणजे पाऊल जपून टाकायचं, एवढंच मला येत होतं.

मी भंडारा जिल्ह्यातली. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे कोणी काढलं नाही, मीच एका उन्हाळ्यानंतर परत गेले नाही. मग बरीच वर्षं इकडेतिकडे, आणि शेवटी गावातल्या एकीच्या ओळखीने वसईजवळ गोखिवऱ्याला, बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या एका गाळ्यात. दिवसभर झाकणं बघायची. वाकडं डावीकडे, सरळ उजवीकडे. आधी आम्ही सहा जणी एका खोलीत राहायचो. तिथे माझा जीव रमेना. गाळ्यातली एक बाई म्हणाली, पश्चिमेला ख्रिस्ती वाडीत एक निवृत्त टीचर एकट्या असतात, मागची खोली रिकामी आहे, विचारून तर बघ.

टीचरांनी मला ओट्यावर बसवून दोनच गोष्टी विचारल्या. मासे खातेस का, आणि घोरतेस का. मी म्हटलं, मासे खातो जी, घोरण्याचं माहीत नाही. आमच्याकडे बायाही 'खातो', 'जातो'च म्हणतात. त्या खूप वेळ हसल्या आणि 'जी' हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघितला, जसं एखादं नवं फळ चाखून बघावं. किती शिकलीस, हे मात्र विचारलं नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईने हे विचारलं नाही, याचं मला इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी मी न सांगता आख्खं अंगण झाडून काढलं. माझं असंच आहे. कोणी बरं वागलं की मला काय बोलावं सुचत नाही, मी झाडू किंवा घासणी हातात घेते.

खोक्याचं त्यांनीच एकदा सांगितलं. आम्ही दोघी वर पापड उलटत होतो. त्यांचे यजमान मुंबईला कचेरीत होते, पण मूळ घर वाडीवाल्यांचं, केळीचं आणि पानवेलींचं. वाडीच्या मधोमध एक बावखल होतं. वसईतल्या जुन्या वाड्यांमधून अशी गोड्या पाण्याची लहान तळी असत. त्यांत मासे असत, आणि रहाटाने तेच पाणी झाडांना जाई. पुढे वाटण्या झाल्या, वाडीचा मोठा भाग गेला, बावखल बुजलं, त्यावर इमारत उभी राहिली. टीचर बोट दाखवून म्हणाल्या, "ते पार्किंग आहे ना, तिथे ते पोहायला शिकले."

निवृत्त झाल्यावर यजमानांनी कुठेतरी वाचलं की मातीशिवाय, टाकीतल्या माशांच्या पाण्यावर भाजी वाढवता येते. नळ्या, पंप, हवेचं यंत्र, सगळं मागवलं. सामान आलं आणि त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले. खोकं उघडलंच नाही. पहिल्या वर्षीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली त्यांच्या नावाची प्रार्थना, झाली, जेवण झालं. दुसऱ्या वर्षीचीही झाली.

"तिसऱ्या वर्षाच्या जेवणाला त्यांच्या टाकीतला मासा ताटात हवा," टीचर म्हणाल्या. "एवढंच माझ्या मनात आहे. बाकी मला ती भाजी आणि ते शास्त्र काही कळत नाही."

मी म्हटलं, बघू जी. मला तर त्याहून कमी कळत होतं.

खोक्यात एक वहीही होती. पहिल्या पानावर अॅक्वापोनिक्स असं लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या, आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'हे काही नवीन नाही. हे आपलं बावखलच, गच्चीवर आणलेलं.' मग चित्रं. टाकी कुठे, वाफे कुठे, पाणी कुठून चढणार, कुठून उतरणार. मला मोठे शब्द अडखळत वाचता येतात, पण चित्र लगेच कळतं. बाण काढलेले होते. मी बोटाने त्या बाणांवरून फिरले. टाकीतून वर, वाफ्यात, खडीतून खाली, पुन्हा टाकीत. कुठेही थांबत नव्हतं.

दिवाळी झाली तशी आम्ही कामाला लागलो. हजार लिटरची काळी टाकी वरून कापून घेतली. खाद्यतेलाची रिकामी निळी पिंपं आणली आणि ती उभी चिरून त्यांचे तीन वाफे केले. चिरायला टीचरांचे दीर आले. ते शेजारीच राहतात. करवत त्यांची, आणि तोंडही त्यांचंच. समुद्र अर्ध्या तासावर असताना टाकीत मासे पाळणारी माणसं मी पहिल्यांदाच बघतोय, असं ते चिरताना म्हणत होते. मला ते नागपूर म्हणायचे. नागपूर वेगळं, भंडारा वेगळं, हे मी चारदा सांगितलं. "असेल गो," ते म्हणाले, "आम्हाला विरारच्या पुढे सगळं सारखंच दिसतं."

खडी धुऊन वाफ्यांत भरली. सायफन बसवायला तीन रविवार गेले. ती एक साधी नळी, तिच्यावर उपडी घातलेली मोठी नळी. पण ती बरोबर बसली की पाणी खडीत हळूहळू चढतं, वरून काही दिसत नाही, आणि एका क्षणी आतून कोणी मोठा घोट घ्यावा तसा आवाज होऊन सगळं पाणी एकदम टाकीत उतरतं. मग शांत. मग पुन्हा चढायला लागतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा आम्ही तिघंही, दीरसुद्धा, वाफ्याशी वाकून पुढच्या घोटाची वाट बघत राहिलो.

मासे लगेच सोडायचे नसतात. वहीत तसं ठळक लिहिलं होतं. माशांच्या घाणीने पाण्यात अमोनिया होतो, तो त्यांनाच मारतो. पण खडीवर न दिसणारे जिवाणू राहायला आले की ते तो अमोनिया बदलून झाडांचं अन्न करतात. ते यायला महिनाभर लागतो. तोवर पाणी नुसतं फिरवायचं, त्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकून सडू द्यायचं, आणि काचेच्या लहान नळीत पाणी घेऊन थेंब टाकून रंग बघायचा. हिरवा आला तर वाईट, पिवळा आला तर चांगलं. टीचर त्या जिवाणूंना भाडेकरू म्हणायच्या. वर आले का गो नवे भाडेकरू, असं सकाळी खिडकीतून विचारायच्या. मी म्हणायची, अजून नाही जी, हिरवंच आहे.

डिसेंबरात एका सकाळी पिवळं आलं. मी नळी उजेडात धरून कितीदा बघितली. मग चांदीपला गेलो. तिथे एक शेतकरी आहेत, भातशेतीच्या कडेला त्यांनी शेततळं काढलंय आणि चिलापी माशाची बोटुकली विकतात, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. हवा भरून फुगवलेल्या पिशवीत त्यांनी ती दिली. देताना म्हणाले, पानी हळूच मिसळा, एकदम ओतू नका. पानी. आमच्या गावीही पानीच म्हणतात. ती पिशवी छातीशी धरून मी रिक्षात बसले तेव्हा, खरं सांगते, मला घरी गेल्यासारखंच वाटत होतं.

मग जे महिने आले ते मला सलग आठवत नाहीत. आठवतात तेही झोपेत पाहिल्यासारखे. सकाळी सहाला मी वर जायची. वाडीतल्या माडांवर धुकं असायचं, चर्चची घंटा व्हायची, टाकीतलं पाणी काळं, काळ्यात आणखी काळ्या सावल्या. चिमूटभर खाणं टाकलं की सावल्यांना तोंडं फुटायची. पालक उगवला, मग पुदिना असा माजला की कोपऱ्यातल्या मिरचीला त्याने झाकून टाकलं. मी वाफ्याच्या कडेला गाल टेकवून बसायची. मुळं पांढरी शुभ्र, मातीचा एक कण नाही, पाण्यात केस सोडल्यासारखी.

आमच्या गावचं तळं एवढं मोठं की पावसात पलीकडचा काठ दिसत नाही. माझा बाप डोंगा घेऊन शिंगाडे काढायला जायचा आणि मी डोंग्यात पालथी पडून पाण्यात बघायची. वर शिंगाड्याची पानं, खाली लोंबणारी मुळं, त्या मुळांमधून बारीक मासे ये-जा करायचे. तिथेही माती कुठे होती? गच्चीवर बसल्या बसल्या मला कधी कधी हेच कळेनासं व्हायचं की मी कुठल्या पाण्यात बघतेय. सायफनने घोट घेतला की मी जागी व्हायची आणि डबा घेऊन बसस्टॉपकडे पळायची.

मायला फोनवर सांगितलं तर तिला पटेना. ती म्हणाली, छतावर तळं? अन् ते गळत नाही? मग थोड्या वेळाने विचारलं, मासे खाते का नुसती पायत बसते? मी म्हटलं, सध्या पायतोच.

पण बघण्यात नुसतं सुख नव्हतं. गाळ्यात मध्येच एखादं वाकडं झाकण माझ्या हातून उजवीकडे जायचं. पंप बंद पडला असेल तर? वीज गेली असेल तर? मी दुपारी टीचरांना फोन करायची आणि काहीतरी भलतंच विचारायची, जेवलात का वगैरे. त्यांना कळायचं. त्या म्हणायच्या, जेवले, आणि वर पाणी फिरतंय. संध्याकाळी आले की चप्पल न काढता वर. पंपावर हात ठेवून त्याची थरथर बघायची. मासे मोजायची. एकवीस. पुन्हा मोजायची. ते हलायचे, म्हणून कधी एकोणीस यायचे, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं, पालकाची पानं कडेने करपली, माशांना काही झालं नाही. चिलापी चिवट. जूनमध्ये टीचर त्यांच्या मुलीकडे परदेशात गेल्या, दोन महिन्यांसाठी. जाताना किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि बॅग उचलून घेतली. काही सूचना नाहीत, यादी नाही. गेटाशी थांबून एवढंच म्हणाल्या, "मी येईन आणि मग पंधरा दिवसांत मिस्सा. तोवर ते तळहाताएवढे होतील ना?"

मी म्हटलं, होतील जी.

झाले. तळहाताहून मोठे झाले. पाऊस गच्चीवर धोधो पडायचा, मी टाकीवर पत्रा ओढून घ्यायची आणि कडेला छत्री धरून बसायची. त्यांच्या पाठीवर आता पट्टे स्पष्ट दिसत होते. मला वाटायचं ते मला ओळखतात. दीर म्हणायचे, ते तुझ्या हाताला ओळखतात नागपूर, हातात खाणं असतं म्हणून.

टीचर यायच्या आधी दोन दिवस उघडीप झाली. चांगलं कडक ऊन. आणि मला माझ्या नेहमीच्या गोष्टीने घेरलं. एवढ्या मोठ्या घराच्या किल्ल्या ज्या बाईने दिल्या, ती येणार, तर तिला काय दाखवायचं? आमच्याकडे घरचं मोठं माणूस दुरून येणार असलं की आदल्या दिवशी भांडी राखेने घासतात, चूल सारवतात, उंबरा धुतात. त्याची नजर जाईल तिथे लखलखीत दिसलं पाहिजे. घर मी पुसलं होतं, भांडी घासली होती, खिडक्याही झाल्या. मग वर गेले. खडी हिरवट-तपकिरी झालेली, बोट लावलं की बुळबुळीत, कुबट वासाची. मला लाज वाटली. इतके दिवस ही घाण मला कशी दिसली नाही?

रविवारी सकाळपासून मी तिन्ही वाफे रिकामे केले. झाडं मुळांसकट बादलीत ठेवली. खडी घमेल्यात घेऊन नळाखाली ब्रशने घासली, वाहतं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग प्लास्टिकवर पसरून दिवसभर उन्हात वाळवली. संध्याकाळी प्रत्येक खडा वेगळा चमकत होता, काळा, करडा, मध्ये एखादा लालसर. मी वाफे भरले, झाडं लावली. हात सोलले होते. इतकं समाधान मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

टीचर आल्या. बॅगा तशाच ठेवून आधी वर. टाकीशी वाकल्या, मासे बघितले, तोंडावर हात ठेवला. मग वाफ्यांकडे बघून म्हणाल्या, किती स्वच्छ ठेवलंस गो, मी असते तरी इतकं झालं नसतं. त्यांनी आनंदाने माशांना मूठभर जास्तीच खाणं टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच. मी थांबवलं नाही. मला त्यांचं ते वाक्यच ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे वर गेले तर सगळे मासे वर आलेले. खाणं मागताना येतात तसे नाही. तोंडं पाण्याच्या कातडीला लावून उघडमीट करत होते, आणि माझ्या सावलीने हलले नाहीत. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. हिरवं. इतकं गडद हिरवं मी पहिल्या महिन्यातही बघितलं नव्हतं. पंप चालू होता, हवा चालू होती. दोन मासे कडेला आडवे झाले होते.

मी चांदीपच्या त्या शेतकऱ्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, काय बदललं? मी म्हटलं, काहीच नाही. खाणं? तेच, थोडं जास्त. पानी? तेच. बघा, काहीतरी केलं असणार. मी म्हटलं, काही नाही हो, उलट खडी मी घासून धुतली, वाळवली, आता अगदी साफ आहे.



"मग तुम्ही त्यांचं घरच धुऊन टाकलं ना," ते म्हणाले.

म्हणजे ते भाडेकरू. बुळबुळीत म्हणून मी ज्यांना ब्रशने काढलं ते तेच होते. महिनाभर ज्यांची वाट बघितली, ज्यांच्यामुळे रोज पिवळं यायचं, त्यांना मी एका दिवसात घासून गटारात सोडलं आणि उरलेल्यांना उन्हात वाळवलं. वहीत होतं. खडीवर जिवाणू राहतात, हे मी स्वतः बोट फिरवून वाचलं होतं. पण राहतात म्हणजे दिसतात कसे, हे कुठे लिहिलं नव्हतं, आणि घाण ती घाण, हे मात्र मला लहानपणापासून पाठ होतं.

फोनवर ते पुढे म्हणाले, आजपासून खाणं बंद. अर्धं पाणी बदला, विहिरीचं घ्या, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आणि या इकडे, माझ्या बोटुकल्यांच्या टाक्यांतली खडी देतो, जिवंत आहे. पण ओली न्यायची. सुकू द्यायची नाही.

जिना उतरताना मला वाटलं, वीज गेली होती असं सांगावं. कोणाला कळणार होतं? परवा थोडा वेळ गेलीही होती. खाली टीचर जेवणाच्या टेबलाशी कॉफी घेऊन बसल्या होत्या आणि मिस्सेला कोणाकोणाला बोलवायचं ते कागदावर लिहीत होत्या. मी दारातच उभी राहिले.

"टीचर, मासे मरताहेत. माझ्यामुळे. तुम्ही येणार म्हणून मी खडी धुतली, आणि ती धुवायची नसते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघितलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मला वाटलं आता किल्ल्या मागतील.

"तीस वर्षं वर्गात काढली मी," त्या हळू म्हणाल्या. "वीज गेली, पंप बंद पडला, असलं काही म्हणाली असतीस तर मला कळलं असतं, आणि मग तुझ्याशी बोलायला मला फार जड गेलं असतं." मग चष्मा काढून पुसला. "खडी चमकताना मीही बघितली ना. मीच म्हटलं छान. वरून मूठभर खाणं मी टाकलं. किती जगतील?"

मी म्हटलं, माहीत नाही जी.

"मग उभी काय राहिलीस? जा चांदीपला. छत्री घे."

चांदीपला त्या शेतकऱ्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीतली खडी स्वतः काढून दिली, माझ्या दोन रेक्झिनच्या पिशव्यांत. तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी. माझ्या डब्यात फिल्टरचा स्पंजही पिळून न घेता तसाच ठेवला. बसमध्ये माझ्या शेजारची बाई आधी पदर नाकाला लावून बसली, मग उठलीच. कंडक्टरने विचारलं, काय आहे त्यात. मी म्हटलं खडी. तो म्हणाला, खडीला वास कशाचा येतो? मी म्हटलं, ही जिवंत आहे. तो तिकीट फाडून पुढे गेला. मी दर दोन स्टॉपांनी बाटलीतलं पाणी पिशव्यांवर शिंपडत होते आणि मांडीवर हात ठेवून बसले होते. बाहेर पाऊस, आत काचांवर वाफ, आणि मला असं वाटत होतं की ही बस पाण्याखालून चाललीय, आणि आम्ही सगळे थोडे थोडे वर येऊन तोंड उघडतोय.

गाळ्यात त्या दिवशी मी गेलेच नाही. न सांगता खाडा करायची माझी पहिलीच वेळ. ते लक्षातही आलं नाही.

घरी पोचले तर जिन्यावर सगळीकडे पाणी. टीचरांचे दीर उघड्या अंगाने विहिरीवरून बादल्या भरून वर नेत होते. टीचर जिन्याच्या मधल्या वळणावर स्टूल टाकून बसल्या होत्या, कारण दोन खेपा करून त्यांचे गुडघे धरले होते, आणि बादली हातातून हातात घेऊन पुढे सरकवत होत्या. दीरांनी मला बघितलं. "आलीस नागपूर? नऊ गेले," ते म्हणाले, आणि बादली घेऊन वर गेले. त्यात टोमणा नव्हता. मोजून सांगितलं, एवढंच.

नवी खडी तिन्ही वाफ्यांत वाटून टाकली. मेलेले मासे माडाच्या बुंध्याशी पुरले. दुसऱ्या दिवशी आणखी तीन गेले, त्यानंतर एक. मग थांबलं. रोज अर्धं पाणी बदलत होतो, रोज थेंब टाकत होतो. हिरवं जरा फिकं झालं, मग पोपटी, मग न हिरवं न पिवळं असं काहीतरी चार दिवस. मी कामावरून आले की टीचर खाली वाट बघत असायच्या, आणि मी नळी घेऊन उतरायची. दोघी दिव्याखाली ती धरून बघायचो. एकवीसपैकी आठ उरले होते. आठ मासे, आणि मिस्सेला येणारी माणसं पंचवीस.

मिस्सेच्या तीन दिवस आधी पिवळं आलं. चांदीपला विचारून घेतलं, खायला काही हरकत नाही ना. ते म्हणाले नाही. मला आतून वाटत होतं टीचर म्हणतील, राहू दे, आता ते वाचलेत तर वाचू दे. मी तशी वाटही बघत होते. पण टीचर तसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, दोन काढ. मोठे दोन. बाकी पापलेट बाजारातून येईल.

जाळी मीच टाकली. पहिला लगेच आला. दुसरा कोपऱ्यात जाऊन थांबला, अगदी माझ्या हाताखाली, आणि मी त्याला तसाच बराच वेळ बघत राहिले. मग काढला. खवले टीचरांनी काढले, अंगणात पाटावर बसून. घरचा मसाला, चिंच, थोडं नारळाचं दूध. वेगळ्या लहान पातेल्यात.

सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली. फादरांनी नाव घेतलं तेव्हा टीचरांनी माझा हात धरला, मला तिथलं काही समजत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग दफनभूमीत गेलो, फुलं ठेवली, मेणबत्त्या वाऱ्यात विझत होत्या त्या पुन्हा लावल्या. घरी येऊन पंगत बसली. टीचरांनी ते लहान पातेलं स्वतः हातात घेतलं आणि प्रत्येकाच्या पानात अंगठ्याएवढा एक एक तुकडा ठेवत गेल्या. कोणाला काही सांगितलं नाही. माझ्या पानात ठेवताना थांबल्या, आणि पाठीकडचा, काटा नसलेला तुकडा निवडून ठेवला.

दीरांनी खाल्लं, चावलं, जिभेने काटा बाजूला केला. सगळे त्यांच्याकडे बघत होते, कारण माशातलं त्यांनाच कळतं असं त्या घरात मानतात. "माती लागते थोडी," ते म्हणाले. मग पाव मोडून रश्श्यात बुडवला. "बावखलातल्या माशाला लागायची तशी."

पलीकडच्या वाडीतून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, कुठून आणला हा, बाजारात असा दिसत नाही. टीचर म्हणाल्या, आमच्याच गच्चीवरून. आणि पुढे त्यांनी यजमानांचं नाव घेतलं, त्यांनी पाळलेले आहेत म्हणाल्या. मग एक जण उठला, मग दुसरा, आणि हात तसेच खरकटे, रश्श्याने माखलेले, ओळीने सगळे जिना चढायला लागले. टीचरही चढल्या, दीरांच्या खांद्यावर हात टाकून, प्रत्येक पायरीवर थांबत. मी त्यांच्या मागे होते, त्या घसरल्या तर म्हणून.

टाकीभोवती एवढी माणसं कधी उभी राहिली नव्हती. पाऊस नव्हता, पण आभाळ खाली आलेलं, पाणी काळं. खूप सावल्या एकदम पडल्याने मासे तळाला गेले असणार. म्हाताऱ्या बाई वाकून बघत होत्या. मी पुढे होऊन काहीतरी सांगणार होते.

"काहीच दिसत नाही," कोणीतरी म्हणालं.

"आहेत," टीचर म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. त्यांनी टाकीच्या कडेवर हात टेकला. "सहा आहेत. जरा थांबा."

आम्ही थांबलो.